वीतभर विणून बघणारी अक्का

अक्काला कुठलीही गोष्ट पूर्ण होईपर्यंत दम निघायचा नाही. तव्यावरची भाकरी फुगायच्या आत ती तिचा कोपरा मोडायची आणि बोट भाजलं म्हणून भाकरीलाच बोलायची. रिक्षा थांबायच्या आधी तिचा एक पाय रस्त्यावर असायचा. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर ती दिवाळीतच लावायची, तेही चालू वर्षाच्या कॅलेंडरवर. त्यामुळे आज तारीख काय, हे बघायला आमच्या दुकानात जानेवारी वर उचलून खाली डोकावावं लागे.

सोलापुरात तिचं टॉवेल-चादरींची डिझाइनं काढून देण्याचं दुकान होतं. पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, मागच्या खोलीत तिच्या नवऱ्याचा म्हणजे अण्णांचा जुना माग. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि राग आला की दोन्ही. मी नववीत शाळा सोडलेली. गावाकडं, नातेपुत्यात, ब्लाउजला हुक लावत बसायचे आणि बाविसाव्या वर्षी हिंमत करून सोलापूरला आले. मार्कलिस्टची घडी मुठीत इतकी घट्ट धरली होती की घामानं तिचं पार पोतेरं झालं होतं. अक्कानं ती बघितलीच नाही. पेन्सिल दिली आणि काहीतरी काढ म्हणाली. भीतीनं दुसरं काही सुचेना, म्हणून मी ज्वारीचं कणीस काढलं.

"दाणे मोजलेस का?" तिनं विचारलं.

मी न्हाय म्हणाले.

"मग उद्यापासून ये. मोजायला मी शिकवती. काढायला कोण शिकवणार?"

विणकरांच्या घरात एक रीत असते. नवं डिझाइन आलं की थेट माल धरत नाहीत. उरलंसुरलं सूत लावून आधी वीतभर पट्टी विणतात, खिळ्याला टांगतात, येता-जाता बघतात. अक्कानं ही रीत मागावरून काढून सगळ्या संसाराला लावली होती. नवा मसाला आणला की चमचाभर आमटी वेगळी. पोरीला स्थळ आलं तेव्हा तिनं मुलाला आधी अर्धा दिवस दुकानात बसवून घेतलं होतं म्हणे. "बसून विचार करून काय कळतंय?" असं ती म्हणायची. "वीतभर विणून बघायचं." जावई अजून तिला बिचकून असतो.

दोन वर्षांनी माझ्या त्या कणसाची किनार झाली, अण्णांनी तिची वीतभर पट्टी विणून खिळ्याला टांगली. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यानं ती शनिवारी बघायला मागितली. अक्का म्हणाली, त्यांनी घेतली तर हा कॉम्प्युटर तुझा, मी फक्त गिऱ्हाइकांशी भांडीन. नाही घेतली तर काय, ते ती बोलली नाही. पण दुकानात काम कमी झालं होतं आणि नातेपुत्यातले हुक मला रोज आठवत होते.

नेमक्या त्याच आठवड्यात, सोमवारी, पडद्यावर एक निरोप आला. कॉम्प्युटरची नवी सिस्टिम अजून बाजारात यायची आहे. तुम्हाला आधी वापरून बघायची आहे का? अक्काचे डोळे चमकले. मी तो निरोप बोट ठेवून दोनदा वाचून दाखवला. खाली साफ लिहिलं होतं की हे कच्चं आहे, चुका असतील, आपलं काम आधी सांभाळून ठेवा.

"बघ किती प्रामाणिक मानसं हायती," अक्का म्हणाली. "आपन गिऱ्हाइकाला असं कदी सांगतो का?"

मग तीन दिवस दुकानात दुसरा विषय नव्हता. आमचा कॉम्प्युटर म्हातारा. रंग बदलायला सांगितला की तो चहा पिऊन आल्यासारखा परतायचा. नवी सिस्टिम पळते, असं अक्कानं कुठल्याशा व्हिडिओत बघितलेलं. मी म्हणायचे, शनिवार होऊ दे. ती म्हणायची, शनिवारपर्यंत सगळ्या जगाकडं येईल की. मी पाण्याचा तांब्या भरायला गेले तरी पडद्याकडे तोंड करून जायचे. शेवटी अण्णांचं मत घ्यायचं ठरलं. अण्णा दिवसाला चार-पाच शब्द बोलत. त्यांनी माग थांबवला, निरोपाकडे बघितलं आणि म्हणाले, "वद्दु." म्हणजे नको.

"त्यात काय," अक्का म्हणाली. "लग्नालाबी ते वद्दुच म्हनाले होते."

तरी तिनं रीत मोडली नाही. आधी लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर वीतभर विणून बघू म्हणाली. त्या लॅपटॉपनं, माझं वय झालं, मला हे झेपणार नाही, असं कळवून टाकलं. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. अक्काला मात्र पट्टी विणली गेली असंच वाटलं. मी घाबरून कणसाच्या फाइलच्या तीन पेनड्राइव्हवर तीन नकला केल्या. एक देवापाशी, एक डाळीच्या डब्यात, एक माझ्या पदराच्या गाठीत. गुरुवारी सकाळी अक्कानं हो म्हणून बटण दाबलं, आणि माझी घालमेल बघायला नको म्हणून पाणी तापवायला गेली.

सिस्टिम आली. पळत होती, खोटं कशाला बोलू. फक्त आमच्या डिझाइनच्या प्रोग्रामला एक किल्ली लागते, पेनड्राइव्हसारखी, ती लावल्याशिवाय तो उघडत नाही. नवी सिस्टिम त्या किल्लीला ओळखच देईना. तीन ठिकाणी फाइल शाबूत आणि एकही उघडेना. दुसऱ्याच्या दुकानात नेऊन उघडावी, तर संध्याकाळपर्यंत माझं कणीस निम्म्या शहराच्या टॉवेलवर दिसलं असतं.

"पत्ते हायत की," मी म्हणाले. पट्टी विणताना अण्णांच्या मागाला लावलेले भोकांचे पुठ्ठे, त्यांना आम्ही पत्ते म्हणतो. त्यातच सगळी नक्षी असते.

अक्कानं न्हाणीकडे बोट केलं. तिथं बंब धडधडत होता. चिंचोळीचं मशीन फाइलच वाचतंय, मग पत्ते कशाला, म्हणून ती सकाळपासून माझं कणीस पेटवून पाणी तापवत होती.

मी बंबासमोर बसून राखेत एखादा पत्ता उरलाय का बघायला लागले. आणि अक्का हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. मला रडू येत होतं, पण तिचं ते हसणं असं होतं की मी रडता रडता हसले. मागचा माग थांबला. अण्णा आले, खिळ्याला टांगलेली पट्टी काढली आणि भिंगासकट माझ्या मांडीवर ठेवली.

तेवढ्यानं कळलं. फाइल नाही तर नाही, कापड होतं. आम्ही पट्टीवर भिंग धरलं आणि धागा धागा वाचून ग्राफच्या कागदावर उतरवायला लागलो. अक्का तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडु, मूडु. मी चौकोन भरायचे. अण्णा भोकं पाडायच्या जुन्या पंचावर पत्ते ठोकायचे. तो पंच भंगारात द्यायला अक्का वर्षभर मागं लागली होती. मोजताना ती सारखी पुढं धावायची. मी सहाव्यावर असताना ती नवव्यावर.

"अक्का, दमानं की," मी म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला असं बोलले.

"तूच पळ की," ती म्हणाली.

शुक्रवारी अण्णांनी अख्खा टॉवेल विणला आणि शनिवारी आम्ही फाइलऐवजी तो घेऊन चिंचोळीला गेलो. अक्काच्या घाईनं दोन धागे चुकले होते, कणसाचा शेंडा एका बाजूला झुकला होता. मी ते घडीत लपवायला बघत होते. तिथल्या साहेबांनी नेमका तोच कोपरा उलगडला, बोटानं चाचपला आणि म्हणाले, वाऱ्यानं झुकलंय वाटतं. अक्का लगेच म्हणाली, "व्हय, मुद्दाम." किनार घेतली गेली, कॉम्प्युटर माझा झाला. त्याच्यावर जुनी सिस्टिम परत घालायला आठवडा गेला, आणि तो संपायच्या आत अक्का मला विचारत होती की त्यांची कच्ची सिस्टिम आता पिकली असेल का.

त्या कणसानंच पुढं मला इथं पानिपतला आणलं, ती किनार बघून इथल्या एका कारखान्यानं बोलावलं. ब्लँकेटची डिझाइनं काढते. इथली भाषा अजून निम्मीच कळते आणि चूक होईल ही भीती रोज सकाळी माझ्याआधी ऑफिसात येऊन बसलेली असते. निघताना अक्कानं मला ती पट्टी दिली. स्टेशनवर गाडी हलायच्या आधीच ती हात हलवून निघूनही गेली. पाठमोरी होती, तरी ती पदरानं काय पुसत होती ते मला दिसलं.

परवा माझ्या पडद्यावर तसाच निरोप आला. अजून न आलेली सिस्टिम, आधी वापरून बघता का? मी पट्टीकडे बघितलं. मग कोपऱ्यातला जास्तीचा कॉम्प्युटर लावला, किल्ली चालते का तेवढं बघायला, आणि अक्काला फोन केला.

"घेतलंस का?" तिनं हॅलोच्या आधी विचारलं.

"दाबू का, अक्का?"

"मग फोन कशाला केलास, दाबायचं सोडून?"

मी दाबलं. पडद्यावर टक्के चढायला लागले. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि अक्का तिकडून मोजायला लागली. इकडं एकेचाळीस झाले होते. ती साठावर पोचली होती.