लाकडी आंब्याचा गाल

नाशकात कॅमेरा गळ्यात घालून हिंडणारे शंभर असतील, पण लाकडी आंब्याला "असाच थांब, श्वास सोडू नकोस" असं बजावणारा माणूस गोदाकाठी एकच झाला, आणि देवाने तो नेमका माझा थोरला साडू करून ठेवला. सरकारी कचेरीत कारकुनी, पंचवटीत दोन खोल्यांचा संसार आणि छातीपाशी धरून वरून डोकवायचा एक सेकंडहँड कॅमेरा. रामकुंड दोन हाकांवर, तिथे अख्ख्या हिंदुस्थानातून माणसं लोटायची; पण साडूबुवांनी उभ्या जन्मात माणसाचा फोटो काढला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "माणसं हलतात हो."

न हलणारी मंडळी त्यांना लग्नातच मिळाली होती. अक्काच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, रुखवतात सावंतवाडीची लाकडी खेळणी आली होती. आंबा, वांगं, केळ्यांचा फणा, एक पोपट, दोन घोडे. रंग असा चकचकीत की मी स्वतः एकदा घोड्याच्या पाठीत बघून भांग पाडला आहे. ही चकाकीच साडूबुवांच्या मुळावर आली. फोटो धुऊन आला की आंब्यात खिडकी, वांग्यात कॅमेऱ्याचा स्टँड आणि पोपटाच्या पोटात त्यांचं स्वतःचं टक्कल. चकाकी मारायला एकदा त्यांनी सगळ्यांना तांदळाची पिठी चोपडली, तर घोडे महिनाभर आजारातून उठल्यासारखे दिसत होते. मग घरातली धोतरं, चादरी दोरीवर चढल्या. उजेड असा गाळून घेतला की फोटोला आठ-आठ सेकंद लागायचे आणि तेवढा वेळ घरात कुणी हलायचं नाही. कुकरला शिटीची बंदी, कारण शिटीने पोपट थरथरतो. नाशिकरोडला मालगाडी आली तरी तो हलतो, असाही त्यांचा दावा होता. एकदा दूधवाला दारात माप तिरकं धरून आठ सेकंद पुतळ्यासारखा उभा राहिला. दूध उंबरा ओलांडून आत आलं, तो मात्र आला नाही. आम्ही पाहुणे गेलो की पाण्याच्या आधी हुकूम यायचा, "जरा बाजूला सरका, आंब्यात येताय."

एवढं करून रोल काळा-पांढरा. तरी करडा फोटो नाकासमोर धरून विचारायचे, "लाल कसा उठलाय?" मी म्हणायचो, "डोळे दिपले."

सत्तरच्या दशकातला तो एक चैत्र मात्र निकराचा होता. गावात फोटोंचं प्रदर्शन-स्पर्धा भरणार होती. आधी तीनदा त्यांचे फोटो चकाकीपायी परत आलेले. यंदा नाही तर कॅमेरा विकून टाकीन, असं ते कचेरीभर सांगून बसले होते. आठ दिवस टेबलावर खेळणी मांडलेली, कुणी बोट लावायचं नाही. आणि त्याच शुक्रवारी अक्काच्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गौरीपुढे आरास करायची ती याच खेळण्यांची, तीही लग्नापासून.

"चारला बायका येतील," अक्का म्हणाली. "चारच्या ठोक्याला पोपट माझा."

"गौरीला यंदा दुसरं काही ठेव ना."

"काय ठेवू? तुमचा कॅमेरा?"

पावणेचारला रोलवर एकच फोटो उरला. अक्का हळदीकुंकवासाठी नटून तयार, अंबाड्यावर गजरा, आणि खिडकीपुढे दोन्ही हातांनी चादर उंच धरून उभी. साडूबुवा बजावत होते, "मी सांगेपर्यंत हलू नकोस." त्यांनी कॅमेऱ्याचा डोळा उघडला, नजर घड्याळावर लावली, आणि अक्काच्या हातातून चादर सुळकन खाली आली. मी कोपऱ्यात श्वास कोंडून. अक्काने चादर उचलली नाही. हलायचं नाही म्हणजे नाही. आठ सेकंद ती रिकामे हात वर धरून तशीच उभी राहिली.

फोटो आला तेव्हा मेनरोडच्या स्टुडिओत मी त्यांच्याबरोबर होतो. पोपट, घोडे, वांगं, सगळं जन्मात आलं नव्हतं इतकं स्वच्छ. फक्त आंब्याच्या गालावर नखाएवढी अक्का, हात वर, गजऱ्यासकट.

"ब्रशने उडवून देतो, दोन मिनिटांचं काम," स्टुडिओवाला म्हणाला. त्याने ब्रश भिजवलासुद्धा.

साडूबुवांनी भिंग लावून इतका वेळ पाहिलं की ब्रश वाळला. मग म्हणाले, "राहू द्या."

"अहो, स्पर्धेत बाद होईल."

"होईल."

झालाच. मागे पेन्सिलीने शेरा होता, 'आंब्यावर डाग.' साडूबुवांना मी तेव्हा पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. "डाग म्हणतात," एवढंच चार दिवस पुटपुटत होते. कॅमेरा त्यांनी बोलल्याप्रमाणे विकला; फोटो भिंतीवर लागला. अक्का येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "लग्नापासून यांनी काढलेला माझा एकच फोटो, तोही चुकून."

अक्काला जाऊन आता काही वर्षं झाली. तिचा दुसरा धड फोटो घरात निघाला नाही. चैत्रात गौरीची आरास साडूबुवाच मांडतात. गेल्या चैत्रात मी गेलो, तर ते आंबा हातात घेऊन तो इंचइंच फिरवत होते, त्याचा गाल खिडकीकडे येईपर्यंत. मनासारखा बसल्यावर दोन पावलं मागे झाले आणि बघत राहिले. मीही खिडकीपाशी उभा राहून बघू लागलो.

"जरा बाजूला सरका," ते हळूच म्हणाले.

मी सरकलो.