एदोमाचा गुन्हा

पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्यांचा गार, मातकट सुगंध आला, की नागपुरातल्या माझ्या तारुण्यातला एक तापलेला रविवार आठवतो आणि कानाच्या पाळ्या गरम होतात. आमच्या चर्चचे पाळकसाहेब गावाला गेलेले. उपदेशाचा भार माझ्यावर, म्हणजे धरमपेठेत खोली घेऊन राहणाऱ्या, स्वतःच्या वक्तृत्वावर निरतिशय लुब्ध असलेल्या एका नवशिक्यावर!

पुढच्याच बाकावर दादा होता, माझा थोरला भाऊ. एका बाप्तिस्म्यासाठी खाप्याहून आलेला. आदल्या पावसाळ्यात कन्हान नदीचा पूर त्याच्या घरात शिरला, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. वास्तविक त्या दिवशी मी मुद्दाम खाप्याला गेलो होतो. पुलावर छत्री धरून तासभर मनःपूर्वक हळहळलो होतो. माणसाने आणखी काय करावे?

मी दुखावलो होतो, म्हणूनच निवडली बायबलातली एदोमावरची भविष्यवाणी. उंच कड्यांवर राहणारे ते गर्विष्ठ राष्ट्र आणि त्याला धुळीला मिळवणारा देवाचा न्याय! दादाकडे पाहत मी असा गर्जलो, की ताट्यांवर पाणी मारणारा माणूसही क्षणभर थबकला.

उपासना संपल्यावर बायबल शिकवणाऱ्या वृद्ध मार्थाबाईंनी मला गाठले.

"आवाज बेस होता गा. पण एदोमानं केलं काय होतं, थे तं सांगितलंच नाही तुनं."

"गर्व," मी म्हणालो.

"गर्व कोनाले नसते? बाबेलच्या फौजेनं यरुशलेम जाळलं, तवा एदोम शेजारीच होता. यरुशलेमवाले याकोबाचे, अन् थो याकोबाच्या सख्ख्या भावाचा वंश. भावाचं घर लुटून राहिले होते, अन् हा दुरून पाहून राहिला होता."

शिक्षा मी घसा फोडून सांगितली होती. गुन्हा वाचलाच नव्हता. डोळ्यांपुढे तो पूल आला, ती छत्री आली. मी फाटकाकडे धावलो.

"दादा, एदोम मी आहे."

"मले मालूम होतं ना बे. म्हनूनच शेवटपर्यंत बसून राहिलो. म्हटलं, यानं थे पान उघडलंच आहे तं पुरतं वाचते का पाहू." मग म्हणाला, "मिरगाआधी कौलं चढवाची आहेत. येशील?"

पुढच्या रविवारी मी खाप्याच्या त्या छपरावर होतो. घर जाळणारा बाबेल परका. परक्याची वाट कोण पाहतो? संदेष्ट्याच्या त्या जळजळीत शब्दांत, मला वाटू लागले, शत्रूवरच्या संतापाहून न आलेल्या भावाची आसच अधिक असावी. या चिंतनात मी रमलो असतानाच खालून दादाचा आवाज आला:

"अबे एदोम, पाहत काय राहिला? कौल धर!"