पाय कुणाचा जड?

ताईंचा पाय जड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ताईंना. गेली बावीस वर्षं हॉस्पिटलच्या शिवणखात्यात त्या त्याच पायाने मशीन चालवत होत्या आणि मशीनने कधी ब्र काढला नव्हता. सर्जनच्या हिरव्या झग्याची बारीक पट्टी असली की ताई पेडलवर पाय असा टेकवत, की सुई जणू एकेक टाका विचारून घाली.

पण परवाना कार्यालयातले साहेब, ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आणि घरचा धाकटा भाऊ, एवढ्या तीन पुरुषांचं एकमत झालं म्हटल्यावर मशीनच्या साक्षीला कोण विचारतो?

भानगड सुरू झाली ती एका नोटिशीमुळे. शिवणखात्याच्या प्रमुखबाई निवृत्त झाल्या आणि त्याच सुमाराला हॉस्पिटलने शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी इमारत उघडली. फाटक्या चादरी इकडे आणायच्या, शिवलेल्या तिकडे न्यायच्या, म्हणजे व्हॅन आली. व्हॅन प्रमुखानेच चालवायची असं वर कुणीतरी ठरवलं. त्या कुणीतरीने आयुष्यात ना चादर शिवली असेल, ना व्हॅन चालवली असेल. फळ्यावर कागद लागला: ‘शिवणखाते प्रमुख. चारचाकीचे पक्के लायसन्स आवश्यक. अंतिम दिनांक, पुढील महिनाअखेर.’

लायसन्स असलेला उमेदवार एकच होता, भांडारातला कारकून. हा गृहस्थ शर्टाचं बटण तुटलं की शर्ट बदलत असे. पण गाडी चालवतो ना! मग झालं तर. ताई हातातली कात्री ठेवून उठल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कच्चं लायसन्स काढलं. खात्यातल्या बायका म्हणाल्या, “ताई, कच्चा टाका घातलात, आता पक्की शिलाई मारूनच या.”

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणजे ज्ञानाचा वाहता नळ, आणि तोटी गेलेला. बोलणं थांबलं तर आपल्याला काही येत नाही असं लोकांना वाटेल, अशी त्यांना भीती असावी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी “समजलं ना समजलं?” हे ठरलेलं. “क्लच म्हणजे काय, तर नातं. समजलं ना समजलं? सोडायचं, पण झटक्याने नाही. समजलं ना समजलं?” त्यांची गाडी पांढरी, म्हातारी, आणि शिकवणीची असल्यामुळे मास्तरांच्या बाजूलाही तीन पेडलं. ताई त्यांच्या हाताखाली महिनाभर चालवायला शिकल्या. चढ झाला, वळण झालं, रिव्हर्स झाला. गाडी एकदाही बंद पडली नाही. मास्तर म्हणाले, “परीक्षा म्हणजे तुम्हाला पाणी पिण्यासारखी. समजलं ना समजलं?”

ठसका पहिल्याच सिग्नलला लागला.

परीक्षेला मास्तरांच्या जागेवर साहेब बसले. पाय आत ओढलेले, मांडीवर फाईल, चेहरा कोरड्या कागदासारखा. साहेबांना साधं बोलणं वर्ज्य होतं. “उमेदवाराने गाडी सुरू करण्यात यावी,” ते म्हणाले. ताईंनी करण्यात आणली. चौकात लाल दिवा लागला. ताईंनी क्लच दाबला, ब्रेक दाबला. गाडीने अंगात आल्यासारखं घुमायला सुरुवात केली, खुळ्-खुळ्-खळ्-खुळ्, आरसा थरथरला, साहेबांच्या फाईलवरचं पेन नाचलं, आणि ठप्प.

“इंजिन बंद पडण्यात आलेले आहे,” साहेब म्हणाले. “उमेदवाराने उतरण्यात यावे.”

हे असं चार वेळा झालं. तोच चौक, तोच दिवा, तेच ठप्प. साहेब दरवेळी फॉर्मवर लिहीत, ‘पाय जड.’ मास्तर मान हलवत, “माझ्याबरोबर बंद पडत नाही, साहेबांबरोबर पडते. म्हणजे दोष मनात आहे. घाबरता तुम्ही. घाबरलं की पाय जड होतो.” आणि घरी धाकटा भाऊ चहाचा कप टेबलावर ठेवून सुरुवात करी, “मी काही बोलत नाही हं, ताई.” पुढचा अर्धा तास तो हे कसं बोलत नाही ते सविस्तर सांगे. “मी काही बोलत नाही, पण प्रत्येकाचा एकेक प्रांत असतो. तुझी शिलाई बघ, काय सुंदर! मी काही बोलत नाही, पण गाडी ही गोष्ट वेगळी. तो भांडारवाला काय वाईट माणूस आहे? मी काही...”

“बोलत नाहीस,” ताई म्हणाल्या. “ऐकू आलं.”

महिना संपायला तीन दिवस उरले. शेवटची परीक्षा गुरुवारी, आणि गुरुवारीच अंतिम दिनांक. मंगळवारी दुपारी ताई सरावाला गेल्या. त्याच चौकात, त्याच लाल दिव्याला थांबल्या. मास्तर चढावर कसं थांबावं यावर बोलत होते. गाडी व्यवस्थित गुणगुणत होती.

पण कशी गुणगुणत होती? ताईंचा कान टवकारला. “समजलं ना समजलं?” व्हूंम. थोडं बोलणं. “समजलं ना समजलं?” व्हूंम. इंजिन मास्तरांना हुंकार देत होतं!

बावीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला एवढं तर कळतंच की मशीन आपणहून जोर घेत नाही. कुणाचा तरी पाय असतो. ताईंचे दोन्ही पाय क्लच आणि ब्रेकवर होते. मग हा पाय कुणाचा? त्यांनी हळूच खाली पाहिलं. मास्तरांची उजवी चप्पल एक्सिलरेटरवर होती आणि प्रत्येक “समजलं”ला ती तालावर दाबली जात होती. काही लोक बसल्याबसल्या गुडघा हलवतात, तसे मास्तर वीस वर्षं बसल्याबसल्या गाडीला रेस देत होते.

दिवा हिरवा झाल्यावर ताईंनी गाडी कडेला घेतली. “मास्तर, जरा मांडी घाला.”

“काय?”

“सीटवर पाय घेऊन मांडी घाला. माझी इच्छा समजा.”

पोटाची अडचण सांभाळत मास्तरांनी मांडी घातली. मग खुळ्-खुळ्-खळ्-खुळ्, ठप्प.

“बघा!” मास्तर आनंदाने म्हणाले. “तुमचा पाय!”

ताईंनी आधीच दाराबाहेर काढून ठेवलेले आपले दोन्ही पाय त्यांना दाखवले, चपलांसकट. गाडी मघाशीच न्यूट्रलला टाकलेली होती. मास्तरांनी त्या पायांकडे पाहिलं, स्वतःच्या मांडीकडे पाहिलं, आणि हळूच मांडी मोडली.

गाडी गॅरेजला नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणत, कारण कुठल्याही गाडीला पाहताच त्याच्या तोंडून एकच शब्द निघे, “ॲडमिट.” डॉक्टर तेलकट हात पुसत म्हणाला, “ही? हिला काय झालंय? माझ्याकडे येते तेव्हा ठणठणीत असते.”

“आणि तुझ्याकडे घेऊन कोण येतं?” ताईंनी विचारलं.

डॉक्टरने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर गॅरेजच्या छताकडे पाहू लागले. मास्तर गाडीत नसताना डॉक्टरने ती आजवर कधी ऐकलीच नव्हती. आता ऐकली. खुळ्-खुळ्-खळ्. “अरे बापरे,” तो म्हणाला, “हिला तर धाप लागलीय! ॲडमिट. चार दिवस.”

“परवा परीक्षा आहे.”

“मग शनिवारी द्या की परीक्षा.”

“डॉक्टर,” ताई म्हणाल्या, “बॉनेट उघड.”

हा आवाज शिवणखात्यात फार क्वचित निघे, आणि निघाला की सर्जनसुद्धा आपल्या झग्याचं माप मुकाट्याने देत. डॉक्टरने बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर काढली, एअर फिल्टरपासून आत जाणाऱ्या जाड रबरी नळीचा क्लॅम्प सैल केला आणि नळी बाजूला केली. आत एक धातूचं तोंड होतं आणि त्या तोंडात बाटलीच्या झाकणापेक्षा थोडी मोठी चकती.

“ही थ्रॉटल बॉडी,” डॉक्टर म्हणाला. “गाडी इथून हवा घेते. रेस दिली की ही चकती, म्हणजे झडप, उघडते. पाय काढला की मिटते, आणि कडेच्या केसाएवढ्या फटीतून गाडी कसाबसा श्वास घेते.”

ताईंनी टॉर्च मारला. केसाएवढी फट? तिथे काळ्या, चिकट काजळीचा चांगला जाड थर बसला होता. पाय काढला की गाडीचं नाकच चोंदत होतं. परीक्षेत जीव जायचा तो गाडीचा, आणि मृत्यूचा दाखला लिहिला जायचा ताईंच्या पायाच्या नावाने.

डॉक्टरने क्लीनरचा डबा हलवला आणि दुसऱ्या हाताने सुताच्या गुंत्याचा एक बोळा उचलला.

“हे कशाला?” ताई ओरडल्या.

“पुसायला.”

“याचे धागे सुटतात. सगळे आत जातील. बाजूला हो!” पिशवीतून त्यांनी हॉस्पिटलच्या जुन्या चादरीचा एक तुकडा काढला. हजारदा धुतलेला, मऊ, एक तंतू न सोडणारा. कापडातलं कुणी ताईंना शिकवू नये. क्लीनर झडपेवर न मारता त्यांनी कापडावर मारला, डॉक्टरने केबल ओढून झडप उघडी धरली आणि ताईंनी दात घासायच्या मऊ ब्रशने कडा मोकळ्या केल्या. आधी पुढून, मग चकतीच्या पाठीमागून, मग जिथे ती टेकते तिथली गोल रेघ. कापड काळं झालं. दुसरा तुकडा. तिसरा. चौथ्या तुकड्यावर नुसता करडा डाग आला आणि धातू चकाकला.

मास्तर बाजूला उभे राहून समजावत होते, “म्हणजे बघा, थ्रॉटल म्हणजे गळा. समजलं ना समजलं?”

“टॉर्च नीट धरा, मास्तर,” ताई म्हणाल्या.

सगळं जोडून झाल्यावर डॉक्टरने बजावलं, “आता दहा मिनिटं नुसती चालू ठेवायची. कुणीही रेस द्यायची नाही. बॅटरी काढली होती, गाडी सगळं विसरलीय. किती हवा घ्यायची ते तिचं तिला परत ठरवू दे.”

गाडी सुरू झाली. आधी पांढरा धूर, मग मोठा आवाज, मग हळूहळू खाली. मास्तर स्वतःच्या सीटवर जाऊन बसले, कारण गाडी त्यांची होती. चौथ्या मिनिटाला ते खिडकीतून म्हणाले, “बघा कशी शांत झाली, समजलं ना...” व्हूंम!

“पहिल्यापासून!” डॉक्टर ओरडला.

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी सात मिनिटं काढली. तोंड घट्ट मिटलेलं, कपाळावर घाम. आठव्या मिनिटाला त्यांना शिंक आली. व्हूंम! तिसऱ्या खेपेला ताईंनी त्यांचं दार उघडलं, हाताला धरून उतरवलं आणि मागच्या सीटवर बसवलं. तिथे मास्तर मनसोक्त बोलले, त्यांची चप्पल पायपुसणीवर दाबत राहिली, आणि गाडीने त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. दहा मिनिटं झाली. इंजिन रेशमासारखं चालत होतं.

गुरुवारी सकाळी साहेब गाडीत बसले. “पुन्हा आपणच उपस्थित झालेल्या आहात,” ते म्हणाले. पाय आत, फाईल मांडीवर. बसताबसता त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहूनही टाकलं. ताईंनी गाडी काढली. चौक आला. लाल दिवा. क्लच, ब्रेक.

आणि काहीच नाही.

ना खुळ् ना खळ्, ना आरसा हलला ना पेन. ताईंनी कान देऊन पाहिलं. बंद पडली! ठप्पसुद्धा न म्हणता पडली! हात किल्लीकडे गेला. चालू इंजिनावर किल्ली फिरवली असती, तर जो कर्रकर्राट झाला असता तो साहेबांनी आनंदाने नोंदवण्यात आणला असता. पण ताईंचा हात वाटेतच थांबला. डोळ्यांना नि कानांना कळेना तेव्हा त्यांनी तळवा गिअरच्या मुठीवर टेकवला. मुठीखाली काहीतरी घुरघुरत होतं, झोपलेल्या मांजरासारखं. चालू होती, बया. नुसती गप्प होती.

दिवा हिरवा झाला. गाडी निघाली.

“बंद पडण्यात आलेली नाही?” साहेबांनी विचारलं. आवाजात थोडं दुःख होतं.

“नाही, साहेब. विसरली.”

चढ झाला. रिव्हर्स झाला. गाडी कार्यालयाच्या दारात रेघेला समांतर उभी राहिली. साहेबांनी फॉर्म उघडला आणि ते अडकले. वेळ वाचावा म्हणून त्यांनी निघण्यापूर्वीच निकालाच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं: ‘नापास.’

“खाडाखोड अमान्य असते,” साहेब म्हणाले. “नवीन फॉर्म सोमवारी उपलब्ध करून देण्यात येईल.”

सोमवार म्हणजे पुढचा महिना. सोमवार म्हणजे भांडारवाला, शिवणखात्याच्या खुर्चीत. ताई उतरल्या नाहीत. चष्मा वर करून त्यांनी तो शब्द नीट न्याहाळला, बिघडलेली बाही बघावी तसा.

“साहेब, हे काही फाडायचं काम नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं ‘पास’ छान बसलंय. त्याच्या आधी एक अक्षर जास्तीचं जोडलं गेलंय, तेवढं उसवा.”

साहेब शब्दाकडे बघत राहिले. नियमांत खाडाखोडीला मनाई होती. उसवण्याबद्दल काही लिहिलेलं त्यांना आठवेना. शेवटी त्यांनी ‘ना’वरून एक रेघ ओढली, शेजारी सही केली आणि वर शिक्का मारण्यात आणला.

ताईंनी फॉर्म उजेडात धरून तपासला. रेघ जरा तिरकी गेली होती. पण नवख्या हाताला एवढं चालायचंच, असं म्हणून त्यांनी साहेबांनाही पास करून टाकलं.