प्रोसेसर बदलायचा की प्लेयर?

किस्से कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या धुळीसारखे असतात. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण एक दिवस उघडून बघावं तर हा एवढा थर! आमच्या तिघांच्या गेमिंग ग्रुपचंही तेच झालंय. गोम एवढीच, की प्रत्येक किस्सा फिरून माझ्यावरच येऊन संपतो.

तिघे म्हणजे तुषार, भूषण आणि मी. शाळेपासूनचे मित्र, आता पस्तिशी ओलांडलेले. तुषारचं पंचवटीत मेडिकल आहे, भूषण कळवणला शिक्षक आहे, मी बँकेत. घरची झेंडूची शेती आई बघते. दर रविवारी दुपारी हेडफोन लावून आम्ही ऑनलाइन बंदुकीचा गेम खेळतो. आठवड्यातले हेच दोन तास मी साहेबही नसतो आणि बाबाही.

*

प्रत्येक राउंडला पहिला मी मरतो. आणि मेलो की माझं वाक्य ठरलेलं, "लॅग झाला यार! प्रोसेसर जुना आहे, गेम अडकतो."

एकदा समोर शत्रूच नव्हता. मी आपला चालत चालत थेट नदीत गेलो आणि बुडालो. तरी सवयीने तोंडातून निघालंच, "लॅग झाला!"

भूषण शांतपणे म्हणाला, "गोदावरीकाठचा ना तू? आन् पोहता येत नाय?"

*

शेवटी प्रोसेसर बदलायचाच, असं ठरवून दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कॉम्प्युटरवर काय करता?"

सांगणारच होतो, तेवढ्यात शेजारी कोण? आमचे ब्रँच मॅनेजर! पेनड्राइव्ह घेत होते. दोन पोरांचा बाप गेम खेळतो, हे त्यांच्यासमोर कसं सांगायचं? म्हणालो, "एक्सेल."

"मग कशाला बदलता? एक्सेलला हा मरेपर्यंत चालेल!" असं म्हणून दुकानदाराने मला परत पाठवलं.

सोमवारी साहेबांनी माझ्या टेबलावर फायलींचा गठ्ठा ठेवला. "तुम्ही घरीही एक्सेलवर बसता म्हणे. वा!"

*

घरी सोनालीला, म्हणजे बायकोला, विषय काढला.

"नव्या प्रोसेसरने काय होईल?"

"चित्र अडकणार नाही. सगळं एकदम स्मूथ आणि स्पष्ट दिसेल."

"म्हणजे मरताना स्पष्ट दिसेल?"

मी विषय बदलला.

*

मग कॉलेज रोडला याच गेमची स्पर्धा जाहीर झाली. दिवाळीनंतर होती. तुषार आमचा कॅप्टन. त्याने सरळ सांगितलं, "प्रोसेसर बदल, नाहीतर मी प्लेयर बदलतो. नावं दसऱ्यापर्यंत द्यायचीत."

खरं सांगतो, स्पर्धेचं एक वेळ सोडा, पण माझ्या जागी दुसरा आला की रविवारही त्याचाच होणार. मी फक्त "बघतो" म्हणालो.

पुढच्या रविवारी दारात भूषण उभा! कळवणहून एसटीने आला होता. पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मला वाटलं, वहिनींनी काहीतरी गोड पाठवलं असणार. उघडला तर आत कापसात गुंडाळलेला प्रोसेसर. त्याने स्वतःच्या मशीनमधला काढून आणला होता!

"तुझ्या बोर्डात बसतो, मी पाहिलंय. तू खेळ. माझं काय, मी बघत बसंल."

मला त्याच्याकडे नीट बघवेना.

*

कॅबिनेट टेबलाखालून ओढून बाहेर काढलं. भूषणने प्रोसेसरवरच्या पंख्याला हात लावला आणि तसाच थांबला.

"हे काय रे?"

पंख्याखाली झेंडू! वाळून काळ्या पडलेल्या पाकळ्या जाळीत गच्च बसल्या होत्या, वरून हळदीकुंकवाचा थर. हवा जायला जागाच नाही. प्रोसेसर बिचारा तापून तापून मंद झाला होता.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "अगंबाई, अजून आहे का ते? गेल्या खंडेनवमीचं आहे."

आमच्याकडे खंडेनवमीला कुदळीपासून टेम्पोपर्यंत सगळ्याची पूजा होते. कॉम्प्युटर तरी का राहील?

"अगं पण आत कशाला ठेवलंस?"

"बाहेर ठेवलं की वाऱ्याने उडतं. झाकण उघडंच होतं. मधे तो पंखा दिसला, म्हटलं हेच मुख्य असणार."

झाकण मीच काढून ठेवलं होतं. प्रोसेसरला हवा लागावी म्हणून!

भूषणने ब्रशने सगळं साफ केलं. मशीन चालू केलं, तर गेम लोण्यासारखा चालायला लागला. "चला, आता लॅग नाय!" त्याला मनापासून आनंद झाला होता. मी मात्र शरमेने अर्धा झालो. झेंडूचं काही नव्हतं हो, पण आता सांगायला कारणच उरलं नव्हतं.

लगेच तुषारबरोबर एक राउंड लावला. पहिला मीच मेलो. एकदम स्पष्ट.

हेडफोनमध्ये तुषारचा आवाज आला, "आता काय झालं?"

शेजारी बसलेल्या भूषणने माइक स्वतःकडे ओढला. "आरे, लाईट गेली होती इकडं."

"लाईट गेली तर तू बोलतोयस कसा?"

"आत्ताच आली ना!"

*

यंदाच्या खंडेनवमीला तुषार आणि भूषण दोघे दसऱ्याची फुलं न्यायला घरी आले होते. आई पूजेचं ताट घेऊन फिरत होती. कुदळ झाली, फवारणीचा पंप झाला, टेम्पो झाला. मग ती कॉम्प्युटरपाशी आली.

मी आधीच सांगितलं, "आई, यंदा आत फूल ठेवायचं नाही हं!"

"बरं बाबा." तिने झाकणावर बाहेरूनच कुंकवाचं बोट टेकवलं. मग माझ्याकडे वळली. माझा उजवा हात धरला, बोटांना हळदकुंकू लावलं, तळव्यावर झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता वाहिल्या आणि डोळे मिटून हात जोडले.

माझे कान तापले होते.

तुषार फुलांची पिशवी सावरत म्हणाला, "काकू, दुसऱ्या हातालापण लावा. स्पर्धेत याचंच नाव दिलंय मी."