चावी काढल्यावरही चालणारी जीप

चावी माझ्या मुठीत होती अन् जीप चालूच होती.

भर दुपार. मेडशीच्या रस्त्यावर, माझ्या गॅरेजसमोर, चिटपाखरू नव्हतं. सुधाकर ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर. मी खिडकीतून हात घालून चावी काढली अन् त्याले दाखवली. इंजनाचा आवाज जरा खाली बसला, माणूस बोलता बोलता थांबते तसं. मग आपोआप वर चढाले लागला. अ‍ॅक्सिलेटरवर कोणाचा पाय नव्हता.

"पाह्यलं ना काका?" सुधाकर म्हणाला. "मी म्हनलं होतं."

सुधाकर इथून जवळच्या वाडीवरचा. सोयाबीन-तूर करते अन् जुन्या डिझेल जीपवर सवाऱ्या मारते. त्याची माय बिमार होती. अकोल्याले दवाखान्यात नेताना पातूरच्या घाटात, याच जीपच्या मागच्या सीटवर ती गेली. तेव्हापासून जीप चावीचं ऐकेना. आधी घटकाभर चाले, मग जास्त. सवाऱ्या बसेनात. बायको म्हणे भंगारात द्या. अन् हा म्हणे, माय दवाखान्यात पोचलीच नाही, म्हणून गाडी थांबत नाही.

मी जन्मभर इंजनं खोलली. भूत कधी पाह्यलं नाही. पण त्या दुपारी माझ्या मानेवर काटा आला होता, ते लपवून काय करू.

आवाज चढत गेला. मागून निळसर धूर निघाला. त्यात आधी रस्ता गेला, मग समोरचं चहाचं दुकान गेलं. चहावाल्यानं फळ्या लावल्या, त्यांचा आवाज तेवढा आला. मागच्या सीटवर त्याच्या मायची गोधडी गुंडाळून ठेवली होती. थरथरीनं ती सुटली अन् हळूहळू लांब होत गेली, कोणी पाय सरळ करून राह्यलं तशी.

"खाली उतर," मी म्हणालो.

"नाही."

"इंजन फुटंल बावा. आतला रॉड इंजन फोडून बाहेर येईल, पायात घुसंल तुह्या."

"घुसू द्या. तिले जायचं हाये तर जाऊ द्या."

गाडी टॉप गिअरात टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला तर असं इंजन बंद पडते. पण सीट तर त्यानं अडवली होती. मग एकच उपाय राह्यला, हवा तोडणं. एअर फिल्टरचं झाकण मी आधीच काढून ठेवलं होतं. टाक्यातलं ओलं पोतं फळीवर गुंडाळलं अन् हवेच्या तोंडावर दाबून धरलं. तिथं हात कधी लावू नये, ओढून घेते. पोतं आत खेचलं गेलं. इंजन खोकललं, एक लांब उसासा टाकला अन् बंद पडलं.

धुरातून सुधाकरचा आवाज आला. "मारलं तुमी तिले."

मी फळी तशीच दाबून धरली. माझी बायको कमल या हिवाळ्यात गेली. तिच्या नाकातोंडातल्या नळ्या काढा, असं डॉक्टरले मीच म्हणालो होतो.

गाडी थंड झाल्यावर बोनेटात डोकं घातलं. आता साधं सांगतो. इंजनाच्या खालच्या भागाले क्रँककेस म्हणतात. ते इंजनाचं पोट. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की वरचा धूर खाली पोटात उतरते. त्याले बाहेर निघाले एक नळी असते, ती ब्रीदर. माणसाले ढेकर लागते तसं. या जीपचा ब्रीदर खाली जमिनीकडं सोडलेला पाहिजे होता. तो कोणीतरी वळवून हवेच्या पाईपात खुपसला होता. मी उपसला तर बोटं तेलानं चिप्प.

"हे कोणं केलं?"

सुधाकरनं माझ्या बोटांकडं पाह्यलं.

"म्याच करवलं. मायले तेलाचा वास सहन होये ना. उलट्या होये तिले. मिस्त्रीले म्हनलं, वास आत नको याले."

तर असं होतं. घाटात त्या दिवशी त्यानं जीप जीव तोडून पळवली, झिजलेल्या रिंगा पार गेल्या. पोटातला धूर वाढला, अन् तो तेल घेऊन हवेच्या रस्त्यानं वर जाऊ लागला. डिझेल इंजनाले ठिणगी लागत नाही. जे जळंल ते जाळते. चावी फक्त डिझेल बंद करते. हे इंजन आपलंच तेल पिऊन चालत होतं.

मी म्हणालो, "तुही माय गाडीत नाही. तिच्यासाठी केलेलं काम गाडीत हाये."

तेव्हा तो रडला. मी नट खोलाचे पाने पुसत बसलो.

रिंगा नव्या टाकल्या. ब्रीदर पुन्हा खाली सोडला असता तर काम संपलं होतं. पण सुधाकर म्हणे, वास आत नको. आता कोणासाठी, हे मी विचारलं नाही. अशा वेळी नळीच्या मधात एक डबा बसवतात. धूर डब्यात येते, तेल आतल्या तारेच्या गुंत्याले चिकटून खाली बसते, कोरडा धूर पुढं जाते. बाजारात तयार मिळते. पण डब्याचं झाकण घट्ट पाहिजे, अन् तसा डबा कुठं हाये हे मले ठाऊक होतं. आमच्या घरी, कमलच्या सैपाकाच्या फळीवर. ती गेल्यापासून त्या फळीले मी हात लावला नव्हता. डब्यात तिनं भरलेला गूळ तसाच होता. तो निंबाखाली मुंग्यांले ठेवला. डबा धुतला. भोकं पाडली. आत तिचीच भांडे घासाची तार भरली. खाली तेल सोडाले तोटी लावली.

मग जीप चालू केली, चांगली गरम होऊ दिली, अन् चावी काढली. दोघंही कान देऊन उभे राह्यलो. इंजनाचा पत्रा थंड होताना टिकटिकला. बाकी काही नाही. चहावाला पण दुकानातून मान काढून ऐकत होता. सुधाकरनं मागचं दार उघडलं अन् गोधडीची घडी करून काखेत घेतली.

"थांबली," तो म्हणाला. माझ्याकडं पाहून नाही.

आता सवाऱ्या बसतात. बाजाराच्या दिवशी तो डब्यातलं तेल सोडाले माझ्याकडं येते. तोटी फिरवणं त्याले घरीही जमते, मी सांगत नाही. चहा दोन कप टाकाची माझी सवय अजून गेली नाही. तो आला की एक वाया जात नाही.

ज्याले असा डबा बसवायचा असंल त्यानं एवढं ध्यानात ठेवावं. बसवून काम संपत नाही. डबा भरते. तो वेळेवर रिकामा करा लागते. नाही केला तर तेच तेल पुन्हा आत जाते, अन् मग चावी काढून काही होत नाही.