ओळख गोरखची

१८ नोव्हेंबर २००६. सत्तावीस रुपये साठ पैसे.

मंचरच्या बाजारात रमणलालच्या किराणा दुकानाला लागून एसटीडीची काचेची खोली होती. तळेघरची लंकाबाई त्या दिवशी तिथून सुरतेला मुलाशी बोलली. बाहेर येऊन पदराची गाठ सोडली, तर आत दहाची एकच नोट. ती तिने पुढे केली.

"बाकीचे राहू दे, मावशी," रमणलाल म्हणाला. "ओळख कोणाची?"

"गोरखची. दुसऱ्या कोनाची आसनार, शेठ?"

रमणलालने नोंदवहीत नंबर, वेळ आणि पुढे गोरखचं नाव लिहिलं. गोरख तळेघरचाच, इथल्या भुसार आडतीत मापाडी. फोन करणाऱ्याचं ओळखपत्र बघून नाव लिहायचं, असा हुकूम होता. पण तळेघरच्या बाया रेशनकार्ड घरी ट्रंकेत ठेवून यायच्या, आणि त्यासाठी परत जायचं तर दिवसाला दोनच एसट्या. उधारीच्या वहीतही रमणलाल माल नेणाऱ्याचं नाव लिहीत नसे. ओळख देणाऱ्याचं लिहीत असे. चाळीस वर्षं दुकान तसंच चाललं होतं. तीच रीत त्याने फोनच्या वहीला लावली. दर दिवाळीला वह्या बदलायच्या आणि जुन्या रद्दीत जायच्या.

पुढच्या दिवाळीआधी मात्र तालुक्यातल्या सगळ्या बूथच्या वह्या पोलिसांनी कचेरीत मागवून घेतल्या. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. रमणलालने त्या नेहमीप्रमाणे सात रुपये किलोने रद्दीत घातल्या.

२००८च्या जानेवारीत गोरखची सरकारी धान्य गोदामावर पहारेकरी म्हणून निवड झाली. राहिला होता फक्त पोलिसांचा चारित्र्य दाखला. तो मार्चअखेर द्यायचा होता. त्यानंतर गोरखचं वय नियमात बसत नव्हतं. बायकोने पगाराच्या हिशेबाने मुलीची शाळासुद्धा ठरवून टाकली होती.

कचेरीत संगणकासमोरच्या साहेबाने त्याचं नाव टाकलं आणि पडद्याकडे बघत राहिला.

"तीनशे बारा फोन. सुरत, भिवंडी, वाशी. काय हो, मापाडी ना तुम्ही? फोनवर तांदूळ मोजता का?"

"माजं न्हाईत, सायेब. आमच्या गावच्या बायांचं हायत."

"बायांची नावं कुठायत इथं? एकच नाव आहे." साहेबाने पेनाने पडद्यावर टिचकी मारली. "आणि हा सुरतेचा नंबर. चहाची टपरी. तिथं आणखी कोण फोन घ्यायचं, माहितीये?"

"न्हाई."

"आम्हाला माहितीये."

दुसऱ्या दिवशी गोरख रमणलालला घेऊन गेला. रमणलालने उधारीची वही उघडून रीत समजावून सांगितली. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"लिहून द्या, शेठ. नोंदी खोट्या होत्या, ओळखपत्र न बघता मीच केल्या. सही करा."

रमणलालने कागदाकडे पाहिलं. बूथचा परवाना हर्षाच्या, त्याच्या सुनेच्या नावावर होता. त्याने पाणी मागितलं. ते पिऊन झालं तरी पेन तिथंच होतं. गोरखने पेनाकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"माझ्या वह्या तर रद्दीत गेल्या," शेवटी रमणलाल म्हणाला. "तुमच्याकडचं हे कधी काढून टाकतात?"

साहेब हसला. टेबलाखालचा संगणकाचा डबा त्याने बुटाने दाखवला. "कशाला काढायचं? अख्ख्या तालुक्याचे फोन यात घातले, तरी एवढंसुद्धा भरलं नाही." त्याने करंगळीचं नख दाखवलं. "जागा लागत होती तोवर रद्दी होती, शेठ."

गोरखने सवयीने डबा डोळ्यांनी मापला. दोन पायली. फार तर अडीच. मंचरच्या सगळ्या बूथच्या वह्या कचेरीत गेल्या, तेव्हा त्यांची पोती त्याने स्वतःच रिक्षात चढवली होती. अकरा भरली होती.

येताना एसटीत दोघं शेजारी बसले होते. उतरताना रमणलाल म्हणाला, "गोरखभाऊ, परवाना गेला असता रे."

"व्हय, शेठ."

दाखला नाकारला असं कोणी लिहून दिलं नाही. विचारायला गेलं की 'पडताळणी चालू आहे' एवढंच कळे. ३१ मार्चला सोमवार होता. गोरखने त्या दिवशी आडतीत एकशे चाळीस पोती मापली आणि एकाही मापात चूक केली नाही. एप्रिलमध्ये जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. मुलगी जुन्याच शाळेत राहिली.

लंकाबाई पावसाळ्यानंतर हातसडीचा तांदूळ घेऊन आली. "आरं, तुजी नोकरी लागनार व्हती ना?" तिने विचारलं.

"न्हाई लागली," गोरख म्हणाला, आणि तिचा तांदूळ मापून दिला.

वर्षभरात सगळ्यांकडे मोबाईल आले. रमणलालने काचेची खोली काढून तिथं तेलाचे डबे लावले. उधारीची वही मात्र चालू आहे. तिच्यात गोरखच्या नावावर, लंकाबाईच्या फोनचे, सतरा रुपये साठ पैसे अजून येणे आहेत.