पाऊण सेकंद दबलेलं बटण

ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या पुलाखाली ऑटोत अडकले होते. ‘वसंत सर गेले. सकाळी, हार्ट अटॅक.’ एवढंच. खाली भराभर जोडलेल्या हातांची चित्रं पडत गेली, आणि मीही एक टाकलं. टाकलं आणि स्वतःचाच असा संताप आला की फोन पर्समध्ये कोंबून ठेवला. ज्या माणसानं शेजारी बसवून मला कामाला लावलं, त्याच्यासाठी माझ्याकडे एक चित्र! आता पाच आठवडे झाले. सगळ्यांचं वसंतअण्णांबद्दल गोड गोड लिहून झालं. मला तसं लिहिता येत नाही, कारण मी त्यांच्याशी वाईट वागले... आणि ते कळलं तेव्हा सांगायला अण्णा उरले नव्हते.

वसंतअण्णा निपाणीकडचे. घरात मराठी, शाळा कन्नड, आणि उभी नोकरी बंगळुरात. मी पुण्याहून नवी नवी आले तेव्हा माझी घाई बघून म्हणायचे, “स्वल्प थांब की गं, काय आग लागलीय?” आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करते. त्यातली बटणं, चौकटी, याद्या पडद्यावर कशा दिसाव्यात हे ठरवणारं प्लगइन अण्णांनी केलेलं. मूळ प्रोग्रॅमला बोटही न लावता ही एक छोटी फाईल शेजारी ठेवली की सगळ्याचं रूपडं पालटायचं. त्यासाठी ते ग्राफच्या वहीत प्रत्येक बटण पेन्सिलीनं चारदा काढायचे. नुसतं असलेलं, माऊस वर आलेलं, दाबलेलं आणि बंद ठेवलेलं. मी हसायचे, म्हणायचे, अण्णा, हे आता कोण वहीत काढतं? त्यावर म्हणायचे, “दाबल्यावर बटणानं ‘ऐकलं बरं का’ म्हटलं पाहिजे. नाहीतर लॅबमधली पोरगी पुन्हा पुन्हा दाबत बसते.” कोडमध्ये टिपा मात्र ते कधीच लिहीत नसत. टिपा लिहिल्या की माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याचं काही खोडायचं असेल तर त्याच्या टेबलाशी जायचं आणि विचारायचं, हे कशाला लिहिलंत? हा नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला, आणि मी तो पुढे दहा जणांना शिकवला.

गेल्या वर्षी मी टीमची लीड झाले. डोक्यात हवा गेली होती, दुसरं काय! नवी आवृत्ती झटपट चालली पाहिजे म्हणून मी सगळं कोड चाळत होते, तर अण्णांच्या प्लगइनमध्ये एक विचित्र तुकडा सापडला. बटण एकदा दाबलं की पाऊण सेकंद दबलेलंच राहायचं, आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा दाबलं तर ते दाबणं धरायचंच नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याची जुनी हौस, उगाच रेंगाळतंय. अण्णा दोन दिवस रजेवर होते. फोन करता आला असता. केला नाही. तुकडा उडवला आणि चहाला गेले. ते परत आले, पडद्याकडे बघत बसले आणि म्हणाले, “काढलंस होय? सरी.” सरी, म्हणजे ठीक. एवढंच.

त्यानंतर सॉफ्टवेअर तपासून बघताना अण्णांच्या हातून नोंदी दुहेरी पडायला लागल्या. एकाच पेशंटचं नाव दोनदा, एकच नमुना दोनदा. ज्या माणसाच्या कामात कधी चूक सापडली नाही, त्याच्या! मी सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, “अण्णा, लक्ष कुठं असतं हल्ली तुमचं?” त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि “बघतो” म्हणाले. दोन महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरून उभे होते, तर मी वर विनोद केला, “काय अण्णा, एवढी थंडी वाजते?” सगळे हसले. अण्णाही हसले... ते हसणं आता मला जेवू देत नाही. जयनगरला त्यांच्या घरी एकदा जाऊन येऊ म्हणता म्हणता आठ महिने गेले.

शेवटी मी गेले ती त्यांच्या तेराव्यानंतर. शांताअक्का, त्यांच्या पत्नी, मला बघून रडल्या नाहीत, कॉफी टाकायला गेल्या. मग समोर बसून म्हणाल्या, “हात थरथरायचे गं त्यांचे. चार वर्षं. डॉक्टर कंपवात म्हणाले. ऑफिसात कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. कळलं तर खुर्ची देतील, काम देणार नाहीत, म्हणायचे.” माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. पाऊण सेकंद! बोट एकदा टेकवलं की ते थरथरून पुन्हा टेकणार, ते दुसरं टेकणं गिळायला होता तो तुकडा. अण्णा हृदयविकारानं गेले, माझ्यामुळे नाही, हे मला कळतं. पण त्यांचं काम मी काढून घेतलं, आणि वर चारचौघांत हसं केलं. मी विचारलं, “माझ्याबद्दल काही म्हणायचे का?” अक्का म्हणाल्या, “मुग्धा येईल म्हणायचे.”

भिंतीवर लावायला अण्णांचा एखादा बरा फोटो हवा होता, म्हणून अक्कांनी त्यांचा कम्प्युटर सुरू केला. फोटो बघायला अण्णांनी घरच्यांसाठी एक छोटा प्रोग्रॅम केलेला. तीच गोल कडांची, मऊ सावलीची बटणं. प्लगइन घरी बसून पहिल्यापासून पुन्हा लिहिलेलं. अक्कांनी ‘पुढचा’ दाबलं, बटण खाली गेलं आणि थांबलं. मी सवयीनं माऊसकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. “थांब स्वल्प. येतं ते.” फोटो मिळाला. अक्का पेले घेऊन आत गेल्या आणि मी चोरासारखी ती कोडची फाईल उघडली. पाऊण सेकंदाचा तुकडा जिथल्या तिथे होता. त्याच्या वर, जन्मात टिपा न लिहिणाऱ्या माणसानं एक टीप लिहून ठेवली होती. ‘मुग्धा विचारायला आली की सांगायचं.’

टेबलावर ग्राफची वही होती, वहीत पेन्सिल खोचलेली. मी खुर्ची थोडी बाजूला सरकवली, ऑफिसात त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायचे तशी, आणि मोठ्यानं विचारलं, “अण्णा, हे कशाला लिहिलंत?”

आतून नळाचा आवाज बंद झाला. “काय गं?” अक्कांनी विचारलं.